काळ्या चबुतऱ्यावरून दिसणारा गव्हर्नर

काही वर्षांपूर्वी क्रांती चौकाजवळच्या एका सभागृहात अठराशे सत्तावनच्या उठावावर बोलताना मी एक ढोबळ चूक केली. औरंगाबादच्या घोडदळावर फौज पाठवणारा मुंबईचा गव्हर्नर एल्फिन्स्टन म्हणजे पेशवाई बुडाली तेव्हा पुण्याला रेसिडेंट असलेला तोच एल्फिन्स्टन, असे मी बेधडक सांगून मोकळा झालो. श्रोत्यांत इतिहास शिकवणारे दोघे-तिघे होते. तेही काही बोलले नाहीत, उलट नंतर चहा पिताना एकाने व्याख्यान आवडल्याचे सांगितले. घरी येऊन तारखा जुळवल्या तेव्हा माझी मलाच लाज वाटली. पेशवाईशी ज्याचे नाव जोडले गेले तो माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन १८२७ सालीच मुंबईची गव्हर्नरी सोडून गेला होता. १८५७ साली तो ७७ वर्षांचा होता आणि इंग्लंडात निवृत्तीचे दिवस काढत होता. औरंगाबादेकडे फौज धाडणारा गव्हर्नर त्याचा पुतण्या, जॉन, तेरावा लॉर्ड एल्फिन्स्टन.

ही चूक माझ्या एकट्याची नाही. मराठी स्मरणात काका आणि पुतण्या एकमेकांत मिसळून गेले आहेत. मुंबईचे एल्फिन्स्टन कॉलेज काकाच्या नावाचे. एल्फिन्स्टन रोड स्टेशन पुतण्याच्या नावाचे. जुलै २०१८ मध्ये ते प्रभादेवी झाले. फोर्टातले एल्फिन्स्टन सर्कलही पुतण्याचेच; स्वातंत्र्यानंतर ते हॉर्निमन सर्कल झाले. लोकल गाडीतून रोज हे नाव वाचत गेलेल्या लाखो माणसांपैकी फार थोड्यांना हा दुसरा एल्फिन्स्टन कोण ते ठाऊक असेल. मी औरंगाबादकर (आता संभाजीनगरकर म्हणायचे), माझे तर त्या स्टेशनाशीही काही नाते नव्हते. पण ज्या चौकातून मी आयुष्यभर ये-जा केली त्या चौकाचे नाव ज्या घटनेवरून पडले, तिच्यात या माणसाचा हात होता. तेव्हा त्याचे चरित्र नीट वाचून काढणे मला भाग पडले. वाचताना माणसाइतकाच त्याच्या चरित्रकारांचाही विचार करावा लागला, म्हणून हा लेख.

जॉनचा जन्म १८०७ चा. वडील वारले तेव्हा तो पाच-सहा वर्षांचा होता. म्हणजे लॉर्डपद त्याला मुंजीच्या वयाच्या आधीच मिळाले. १८२६ मध्ये तो राजाच्या घोडदळात, रॉयल हॉर्स गार्ड्समध्ये दाखल झाला, पुढे कॅप्टन झाला. मग चौथ्या विल्यमच्या दरबारात मानाची चाकरी. १८३७ च्या मार्चमध्ये, वयाच्या तिशीच्या आत, तो मद्रासचा गव्हर्नर म्हणून येऊन बसला. या नेमणुकीबद्दल लंडनमध्ये एक कुजबुज होती: सतरा वर्षांची राजकन्या व्हिक्टोरिया या देखण्या सरदारावर भाळली, म्हणून त्याला सातासमुद्रापार धाडले. खरे-खोटे कुणी सिद्ध केलेले नाही. पण चरित्रपर लेखनात ही गोष्ट हटकून येते आणि मद्रासमधली पाच वर्षे मात्र एखाद-दुसऱ्या वाक्यात उरकली जातात. मला ही वाटणी बोलकी वाटते. त्या पाच वर्षांतले लोकांना आठवते ते एवढेच, की गव्हर्नरसाहेबांना मद्रासच्या उकाड्यापेक्षा निलगिरीचे डोंगर जास्त मानवत. पुढे मुंबईतही ही आवड सुटली नाही. माथेरानला थंड हवेच्या ठिकाणाचे रूप आले त्यात त्याच्या १८५५ च्या भेटीचा वाटा आहे.

मद्रास सोडल्यावर काही काळ प्रवास, मग विलायत, पुन्हा दरबार, या वेळी खुद्द व्हिक्टोरिया राणीच्या. आणि १८५३ च्या अखेरीस मुंबईची गव्हर्नरी. म्हणजे इथवरचे आयुष्य एका सभ्य, अविवाहित, थोड्या निवांत उमरावाचे. १८५७ साल उजाडले नसते तर आज त्याच्यावर कुणी चार ओळीही लिहिल्या नसत्या.

सत्तावनमध्ये मात्र त्याने खरोखर झपाटा दाखवला, हे मान्य करायला हवे. मीरतची बातमी येताच त्याने इराणच्या मोहिमेवरून परतणाऱ्या गोऱ्या पलटणी कलकत्त्याकडे वळवल्या आणि मॉरिशस व केपकडे कुमक मागितली. स्वतःच्या इलाख्यात गोरे सैन्य अगदी तोकडे उरले असताना त्याने ते बाहेर पाठवण्याचा धोका पत्करला. कोल्हापूरला ३१ जुलैला २७ वी पलटण उठली, साताऱ्यात रंगो बापूजींचा कट उघडकीला आला, पुढच्या वर्षी नरगुंदच्या बाबासाहेब भाव्यांनी पोलिटिकल एजंट मॅन्सनला ठार केले. मुंबईत ऐन दिवाळीत उठाव होणार असल्याचा सुगावा पोलीस अधिकारी फोर्जेटला लागला आणि १५ ऑक्टोबरला सय्यद हुसेन आणि मंगल गाडिया या दोघांना तोफेच्या तोंडी दिले गेले. आजच्या आझाद मैदानाच्या परिसरात हे घडले. याच वर्षीच्या १८ जुलैला याच गव्हर्नरच्या अमदानीत मुंबई विद्यापीठ स्थापन झाले आणि पहिला कुलपतीही तोच. एका हाताने पदवी आणि दुसऱ्या हाताने तोफ, असे लिहायचा मोह होतो. पण ते फार सोपे आहे आणि त्यातून काही कळत नाही. मला कळून घ्यायचे होते ते औरंगाबादचे.

औरंगाबाद मुळात या गव्हर्नरच्या मुलखात नव्हतेच. ते निजामाचे. छावणीत होती ती हैदराबाद कंटिंजंट: नावाला निजामाची फौज, अंमलदार इंग्रज. तिच्या खर्चापोटी १८५३ च्या तहाने वऱ्हाड कंपनीकडे गेले होते. तिच्या घोडदळात दख्खनी मुसलमान घराण्यांतले शिलेदार पुष्कळ. शिलेदार म्हणजे काय हे मराठी वाचकाला सांगायला नको; घोडा ज्याचा त्याचा. १८५७ च्या जूनमध्ये पहिल्या रिसाल्यात कुजबुज सुरू झाली, की आपल्याला दख्खनबाहेर काढून दिल्लीच्या बादशहावर घालणार आहेत. बारा-तेरा जूनपासून छावणीत उघड बेदिली दिसू लागली. त्यांचा सेनापती कॅप्टन ॲबट. इंग्रजांची जवळची फौज हैदराबादेत नव्हती, ती पुण्याकडून निघालेली होती. मेजर जनरल वुडबर्न गोरे घोडदळ, तोफखाना आणि २५ वी मुंबई पलटण घेऊन महूच्या वाटेवर होता. नर्मदेच्या काठची वाट मोकळी राहावी, माळवा हातचा जाऊ नये, ही गव्हर्नरची योजना. ती फौज अहमदनगरहून औरंगाबादकडे वळवण्यात आली.

जूनच्या २३-२४ तारखेला वुडबर्न इथे पोचला. स्वारांना हत्यारे ठेवायला सांगितले. बहुतेकांनी ठेवली. पहिल्या रिसाल्यातल्या एका तुकडीने ठेवली नाहीत. त्यांना विचार करायला सहा मिनिटे दिली गेली. हा आकडा मॅलेसनने आपल्या बंडाच्या इतिहासात दिला आहे. सहा मिनिटांनंतर त्या स्वारांनी घोड्यांना टाच मारली आणि बरेचसे निसटले. घोडे त्यांचे स्वतःचे होते, वाटा ठाऊक होत्या. दिवसभर तंगड्या तोडून आलेल्या गोऱ्या घोडदळाला ते सापडणे कठीणच होते.

जे सापडले त्यांचे पुढे काय झाले, इथे पुस्तके एकमेकांपासून दूर जातात. मॅलेसनच्या पानावर दुसऱ्या दिवशी दोन-तीन म्होरक्यांना फाशी होते आणि लगेच शांतता नांदू लागते. आमच्याकडे जुन्या गॅझेटियरच्या आधाराने आणि तोंडी चालत आलेली हकीकत वेगळी आहे. ॲबटवर गोळी झाडल्याबद्दल मीर फिदा अलीला तडकाफडकी लष्करी चौकशी करून फासावर दिले. इतर कुणाला गोळ्या घातल्या, कुणाला तोफेला बांधले. एकूण संख्या विशीच्या वर. ज्या जागी हे झाले तो काळा चबुतरा, म्हणजे आजचा क्रांती चौक. दोन-तीन आणि वीसहून अधिक, हा फरक हिशेबातल्या चुकीचा नव्हे. मॅलेसनला महूला पोचण्याची घाई होती, म्हणून त्याने औरंगाबाद एका परिच्छेदात आवरले.

आणि याच जागी मला या चरित्राची मेख सापडली असे वाटते.

वुडबर्न औरंगाबादेत अडकून पडला. कैद्यांच्या चौकशा, कोर्ट मार्शल, शिक्षा यांत दिवस गेले. मुंबईहून गव्हर्नर त्याला पुन:पुन्हा लिहीत होता की पुढे सरका, उशीर करू नका. तिकडे इंदूरला ड्युरँड याच फौजेची वाट पाहत होता. ती थांबल्याची बातमी तिथे गेली, १ जुलैला इंदूरच्या रेसिडेन्सीवर हल्ला झाला आणि ड्युरँडला पळ काढावा लागला. त्याच रात्री महू उठले. पुढे प्रकृतीच्या कारणाने वुडबर्न बाजूला झाला, स्टुअर्टने फौज हाती घेतली, १२ जुलैला ती इथून निघाली आणि २ ऑगस्टला महूला पोचली. मॅलेसन या साऱ्यावरून वुडबर्नला झोडपतो आणि एल्फिन्स्टनला दूरदृष्टीचे प्रशस्तिपत्र देतो. पुढचे चरित्रलेखकही थोड्याफार फरकाने हाच निवाडा उचलतात: जनरल मंद, गव्हर्नर चाणाक्ष.

आता हा निवाडा काळ्या चबुतऱ्यावर उभे राहून वाचावा. जो 'उशीर' म्हणून जनरलच्या नावे मांडला आहे, तो उशीर म्हणजे इथल्या माणसांचे मरण. त्या दोन-अडीच आठवड्यांत वुडबर्न झोपला नव्हता, तो माणसे मारत होता. गव्हर्नरची तक्रार मारण्याबद्दल नव्हती, त्यात वेळ जातो याबद्दल होती. उलट असेही म्हणता येईल की वुडबर्नने गव्हर्नरचे ऐकून तसेच पुढे कूच केले असते, तर पकडलेल्यांपैकी काही जण कदाचित वाचले असते. म्हणजे गव्हर्नरच्या घाईत दयेचा अंश नसताना ती दयेच्या बाजूने पडली असती. इतिहासात असे होते. पण ते त्याच्या चरित्रात गुण म्हणून जमा करता येत नाही, आणि मॅलेसनने जमा केलेली 'दूरदृष्टी' तरी कुणाच्या नजरेने मोजलेली? नकाशावर पुणे आणि महू ही दोन टोके धरली तर औरंगाबाद हा मधला अडथळा ठरतो. त्या नकाशात इथे माणसे राहत नाहीत.

एल्फिन्स्टनला खलनायक ठरवण्याचा माझा हेतू नाही. सूडाने पेटलेल्या त्या वर्षातल्या इंग्रज अंमलदारांशी तुलना केली तर हा माणूस थंड डोक्याचा होता. मुंबईत जगन्नाथ शंकरशेटांसारख्या प्रतिष्ठितांवर संशय घेण्यापर्यंत मजल गेली होती. चौकशीत काही निघाले नाही आणि प्रकरण तिथेच थांबले. अशा गोष्टी थांबवायलाही त्या दिवसांत डोके ताळ्यावर असावे लागे. पण थंड डोके हा राज्यकर्त्याचा गुण असला तरी त्याच्यावरून त्याच्या कामाचे मोल ठरत नाही, एवढेच माझे म्हणणे.

दुसरी बाजू आमची. आमच्या स्मरणिकांतून आणि भाषणांतून (माझेही त्यातलेच) 'इंग्रज' नावाचा एकच माणूस वावरतो. त्याला चेहरा नाही, हुद्दा नाही. कंटिंजंट कुणाची, तिचा खर्च कुणी भरायचा, फौज कुठून आली, हैदराबादचा रेसिडेंट काय करत होता, निजाम कुणीकडे होता, हे विचारले की मंडळी अस्वस्थ होतात. मग गोष्ट औरंगाबादेतच संपते. ती इथे संपत नाही. निसटलेल्यांपैकी जमादार चीदा खान काही स्वारांसह हैदराबादला पोचला. सालारजंगाने त्याला पकडून रेसिडेंटच्या हवाली केले. त्याच्या सुटकेच्या मागणीवरून शहर पेटले आणि १७ जुलैला तुर्रेबाज खान आणि मौलवी अलाउद्दीन यांनी रेसिडेन्सीवर चाल केली. म्हणजे काळ्या चबुतऱ्याचा धागा एकीकडे महूला आणि दुसरीकडे हैदराबादच्या कोठीला जातो. मॅलेसनला पहिला धागा दिसला. दुसरा आम्ही तरी पकडायला हवा होता.

एल्फिन्स्टनला या साऱ्याचे बक्षीस मिळाले. १८५९ मध्ये त्याला नवे, युनायटेड किंग्डमच्या उमरावांतले बॅरनपद दिले गेले. १८६० च्या मे महिन्यात त्याने मुंबई सोडली आणि १९ जुलैला लंडनमध्ये तो वारला. मूलबाळ नव्हते, त्यामुळे ते नवे पद त्याच्याबरोबरच संपले. त्याच्या नावाचे सर्कल पुढच्या बारा वर्षांत उभे राहिले आणि त्याची आखणी केली ती त्याच फोर्जेटने, दिवाळीचा कट पकडणाऱ्याने. तोवर तो मुंबईच्या नगरपालिकेत आला होता.

गेल्या पावसाळ्यात त्याच विषयावर पुन्हा बोलायचा योग आला. आधी माझी जुनी चूक कबूल केली, काका-पुतण्या वेगळे करून सांगितले. व्याख्यान संपल्यावर एक वयस्क गृहस्थ पुढे आले. म्हणाले, "सर, मला एवढंच सांगा, आपल्या इथल्या लोकांना मारलं कुणी? वुडबर्ननं की त्या एल्फिन्स्टननं?"

मी म्हटले, "हुकूम वुडबर्नचा. फौज एल्फिन्स्टननं धाडलेली. मुलूख निजामाचा. आणि ज्यांना मारलं त्यांचा पगार वऱ्हाडच्या शेतसाऱ्यातून."

त्यांनी खिशातून छोटी वही काढली आणि चारही गोष्टी एकाखाली एक लिहून घेतल्या. मग विचारले, "चीदा खानातला 'ची' दीर्घच ना?"