घरगुती संगीत आणि त्याची परीक्षा

नोकरीतून मोकळा झालेला एखादा गृहस्थ तीस-पस्तीस वर्षांनी माळ्यावरची पेटी खाली उतरवितो, भात्याच्या चिरा बुजवून घेतो आणि घरच्या मंडळींपुढे पुन्हा वाजवू लागतो. अशा वेळी ऐकणाऱ्याने त्यास काय सांगावे? ‘या वयात एवढे म्हणजे पुष्कळच!’ असे म्हणून बहुतेक जण मोकळे होतात. हे उत्तर सौजन्याचे असले तरी त्यात वाजविणाऱ्याच्या वयाची वाखाणणी असते. वाजविलेल्याची दखल नसते. उलटपक्षी, मैफलीचा गज घेऊन त्याचे संगीत मोजू पाहणारा रसिक त्यास दुसऱ्याच दिवशी पेटी मिटावयास लावतो. या दोन्ही उत्तरांविषयी आमची तक्रार आहे.

माणिकपूरचेच उदाहरण घेऊ. 2009 साली वसई-विरार महानगरपालिकेत विलीन होईपर्यंत नवघर-माणिकपूर ही स्वतंत्र नगरपालिका होती. येथील वसई रोड स्थानकापासून चर्चगेट पन्नास किलोमीटरांहून दूर आहे. कचेरीच्या जाण्यायेण्यात ज्याचे रोजचे अडीच-तीन तास खर्ची पडतात, त्याचा रियाझ सुटला तर त्यास आळशी म्हणणे अन्यायाचे होईल. वसंतराव देशपांडे (1920–1983) लष्करी हिशेब खात्यात कारकुनी करीत असतानाही गात राहिले, हे खरे. परंतु अशा असामान्य पुरुषाचा दाखला देऊन सामान्यास लाजविण्यात काय अर्थ? सामान्यांची वाट लोकलच्या डब्यात टाळ कुटीत जाणाऱ्या भजनी मंडळांनी दाखविली आहे. वेळ मिळत नाही म्हणून त्यांनी प्रवासातच गाणे बसविले.

परतलेल्या हौशी वादकाची खरी अडचण मात्र वेगळीच आहे. त्याने वादन सोडले तेव्हा त्याची बोटे कानापेक्षा पुढे होती. जे वाजत होते ते त्यास गोडच लागत होते. मधल्या काळात बोटे थांबली, पण कान थांबला नाही. रेडिओवर, ध्वनिमुद्रिकांवर त्याने भीमसेन ऐकले, किशोरीताई ऐकल्या, कुमार ऐकले. आता तो परत येतो तो तयार कान आणि गंजलेली बोटे घेऊन. स्वतःचा यमन स्वतःलाच ऐकवत नाही, आणि कित्येक जण याच पायरीवर कायमचे थांबतात. आमच्या मते ही व्यथा हाच त्यांचा लाभ होय. ज्यास आपली चूक ऐकू येते तो विद्यार्थी झाला. तरुणपणी तो केवळ उत्साही होता.

पेटीच याची साक्ष देते. कारखान्यातून येणाऱ्या सर्वसाधारण पेटीचे बारा स्वर समान अंतरांवर लाविलेले असतात. लगतच्या दोन पट्ट्यांतील अंतराचे शंभर भाग कल्पिले, तर तिचा शुद्ध गंधार तंबोऱ्याच्या खर्जातून आपोआप उमटणाऱ्या गंधारापेक्षा सुमारे 14 भागांनी चढा भरतो. मींडही पेटीतून निघत नाही. असल्याच दोषांवर बोट ठेवून ऑल इंडिया रेडिओने 1940 साली तिला बंदी केली आणि ती बंदी सुमारे तीस वर्षे टिकली. घरांतून मात्र पेटी हलली नाही, कारण तेथे तिचे काम निराळे होते : मुलीस सूर देणे, आरती एका पट्टीत आणणे, चुकणाऱ्या आवाजास आधार देणे. विसाव्या वर्षी ज्यास हा चढा गंधार टोचला नाही, त्यास तो साठाव्या वर्षी टोचला, तर मधली वर्षे फुकट गेली असे कोण म्हणेल?

घरगुती संगीत पुन्हा जागे होते याचा याहून मोठा पुरावा आपल्या खेड्यांनी दिला आहे. गिरणी आली, जाते कोपऱ्यात गेले, आणि जात्यावरची ओवीही त्याबरोबर गेली असे वाटत होते. हेमा राईरकर व गी पॉइत्व्हँ यांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी महाराष्ट्रभर हिंडून बायांना गाण्याची विनंती केली, तेव्हा एक लाखाहून अधिक ओव्या हाती आल्या. गाणाऱ्या बायांपैकी कोणी स्वतःस गायिका म्हणवीत नव्हती. त्यांना कोणीतरी विचारले आणि ऐकावयास समोर बसले, एवढ्यावर ते गाणे परत आले.

यावरून परीक्षेची कसोटी ठरविता येते. घरगुती संगीतास तान किती लांब गेली हे विचारू नये. सूर खरा लागला का, लय सुटली तेव्हा वाजविणाऱ्यास ते कळले का, आपल्या बोटांस पेलेल तेवढेच त्याने हाती घेतले का, आणि त्याचे ऐकून घरातील दुसऱ्या कोणास गुणगुणावेसे वाटले का, हे विचारावे. यांपैकी पहिल्या तीन प्रश्नांत दयामाया करू नये. धैवत उतरला असेल तर उतरला असे स्पष्ट सांगावे. तसे सांगणे म्हणजे त्या मनुष्यास संगीताच्या पंक्तीत मानाने बसविणे होय. चौथ्या प्रश्नाचे उत्तर होकारार्थी आले, तर मैफलीच्या गजाने उणे ठरलेले ते वादनही सार्थकी लागले असे आम्ही म्हणू.

हवे ते गाणे आज खिशातील यंत्रातून क्षणात ऐकू येते, आणि ते घरच्या गाण्याहून निर्दोष असते. म्हणूनच घरात कोणी गावे-वाजवावे याची गरज वाटेनाशी होत चालली आहे. अशा काळात ज्याने माळ्यावरून पेटी उतरविली, त्यास थापटून गप्प करू नये, हिणवूनही करू नये. त्याच्यापुढे बसून नीट ऐकावे, एवढे तरी रसिकाने त्याचे देणे लागते.