टाचेतल्या थेंबानंतर कोण?

कतारमध्ये बाळ जन्माला आलं की टाचेतून रक्ताचे थेंब घेतात. दोह्यात संसार मांडलेल्यांना हे ठाऊक असेल. नवजात बाळांची ही राष्ट्रीय तपासणी २००३ मध्ये जर्मनीतल्या हायडेलबर्ग विद्यापीठाच्या साथीने सुरू झाली.

त्यातून आलेलं संशोधन मोलाचं आहे. होमोसिस्टिनुरिया हा आनुवंशिक आजार इतरत्र अतिशय दुर्मीळ. कतारी कुटुंबांत मात्र सुमारे १,८०० बाळांमागे एकाला. नेहमीची, मेथिओनिन मोजणारी चाचणी काही बाळं हातची सोडते. म्हणून संशोधकांनी त्याच थेंबातून होमोसिस्टीन मोजायची पद्धत बसवली.

माझा आक्षेप त्यापुढचा आहे. या निबंधांचा सगळा भर चाचणीच्या अचूकपणावर. पण या आजारात बहुतेकांना प्रथिनं मोजूनमापून जन्मभर खावं लागतं. हयगय झाली तर डोळ्यातलं भिंग सरकतं, रक्ताच्या गुठळ्या होतात, बुद्धीची वाढ खुंटते. विशेषज्ञ असतातच, पण तापाखोकल्याला बाळ जातं ते जवळच्या आरोग्य केंद्रात. तिथे डॉक्टर किती, एकच डॉक्टर त्या मुलाला किती वर्षं पाहतो, हा हिशेबही चाचणीइतकाच महत्त्वाचा. पालघरहून २०१३ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाच्या आराखड्यात प्रत्येक फिरत्या पथकाला दोन आयुष डॉक्टर नेमून दिले होते. मनुष्यबळाचा विचार तिथे आधीच झाला होता.

सगळ्या नवजातांसाठी कतारसारखी रक्ततपासणी भारतात देशभर नाही. तेव्हा बाळाचा अहवाल मागून घ्या, आणि मायदेशी परतताना जन्मदाखल्यासोबत ठेवा. नव्या डॉक्टरला तेवढाच आधार.