स्कली परत आली, शंका घेणं मात्र विसरून आली

‘द एक्स-फाइल्स’ परत येणार हे कळलं त्या दिवशी लॅबमध्ये मी दिवसभर ती सुरुवातीची शीळ घालत होते. शेजारच्या बेंचवरच्या ज्युनियरनं शेवटी कानात इयरफोन घातले. त्याचं बरोबरच आहे म्हणा. मालिका २००२ मध्ये संपली तेव्हा तो प्राथमिक शाळेत होता! मी मात्र केबलवर स्कलीला बघूनच विज्ञानाकडे वळले. सगळे ‘एलियन’ म्हणत असताना ‘पुरावा काय?’ विचारणारी बाई मी टीव्हीवर पहिल्यांदाच पाहत होते.

२४ जानेवारी २०१६ पासून आलेले सहाही भाग आता बघून झालेत. आनंद खूप झाला, पण तक्रारही आहे, आणि ती तुमच्या कामाची आहे.

आधी कौतुक. या मालिकेला अ‍ॅन सायमन या विषाणुशास्त्रज्ञ पहिल्या सीझनपासून सल्ला देत आल्यात. १९९४ च्या मे महिन्यातल्या एका भागात डीएनएमध्ये नेहमीच्या चार अक्षरांपलीकडची दोन नवी अक्षरं सापडतात. तेव्हा ती निव्वळ कल्पना होती. बरोबर वीस वर्षांनी, मे २०१४ मध्ये, फ्लॉइड रोम्सबर्ग यांच्या गटानं कृत्रिम अक्षरांची जोडी सांभाळणारा जिवंत ई. कोलाय ‘नेचर’मध्ये मांडला. अंगावर काटा येतो की नाही?

नव्या शेवटच्या भागात क्रिस्पर आहे. माणसांच्या पेशींतून एडीए हा जीन काढला जातो आणि प्रतिकारशक्ती कोसळते. मूळ धागा खरा आहे. एडीए नसलं की विषारी घटक साचून लिम्फोसाइट मरतात आणि बाळांना गंभीर आजार होतो. पण इथे धडधाकट माणसं बघता बघता आजारी पडतात. रक्तात आधीच असलेल्या आयजीजी अँटिबॉडींचं अर्धआयुष्य साधारण तीन आठवडे असतं, त्या एका दिवसात कुठे जातील? तरी ही घाई मी माफ करते. ४०-४५ मिनिटांत जग बुडवायचं असतं.

माफ होत नाही ते पहिल्या भागातलं. स्वेताच्या डीएनएमध्ये परग्रहाचं काही नाही, असा निकाल येतो. स्कलीचा त्यावर विश्वास बसत नाही. ती पुन्हा चाचणी करते, आणि आता ते सापडतं! पहिल्या निकालावर शंका घेणारी स्कली दुसऱ्यावर तशीच शंका घेताना दिसत नाही. कथा तिथून सुसाट पुढे.

हे मला झोंबलं, कारण हेच मी केलंय. पीएचडीच्या दुसऱ्या वर्षी माझ्या पीसीआरला बँड येत नव्हता. प्रायमर बदलले, तापमान बदललं, रोज नवी शंका. एक दिवस हवा तो बँड दिसला आणि सगळ्या शंका मिटल्या. तीन महिने त्यावरच पुढचं काम केलं. मग सरांनी जेलचा फोटो बघून एवढंच विचारलं, ‘‘पाण्याची लेन कुठंय?’’ मी ती घातलीच नव्हती. घातली तेव्हा नुसत्या पाण्यातही तोच बँड! दूषित नमुना. तीन महिने पाण्यात, अक्षरशः.

खोटा डेटा बनवणारे थोडे असतात. आपल्यासारखे बाकीचे नको असलेला निकाल दहादा तपासतात आणि हवा असलेला एकदाच. त्यामुळे संशोधनाला येताना एवढी सवय लावून घ्या: आनंद झाला की कंट्रोल आधी बघायचा.

गंमत म्हणजे या सहांतला सर्वात चांगला भाग, डॅरिन मॉर्गन यांनी लिहिलेला तिसरा, नेमका याच वाटेनं जातो. तिथे मल्डरच जुन्या केसेस चाळत स्वतःच्या श्रद्धेवर शंका घेतो, आणि माणूस चावल्यामुळे एका बिचाऱ्या राक्षसाचा माणूस होतो. गृहीतकच उलटं! एकच भाग बघणार असाल तर हा बघा.

बाकी, मालिका पुन्हा कधी परत आलीच तर पहिल्या रात्री जागून बघणार. त्यात शंका नाही.