लाज, कीव आणि करुणा : एका उपचारपद्धतीच्या भाषेची चिकित्सा

लज्जा आणि आत्मनिंदा ह्यांनी ग्रासलेल्या रुग्णास स्वतःविषयी करुणा बाळगावयास शिकविणारी एक विचारसरणी गेल्या सुमारे पाव शतकात मानसोपचाराच्या क्षेत्रात दृढमूल झाली आहे. अमेरिकेत क्रिस्टिन नेफ यांनी २००३ मध्ये ह्या कल्पनेची व्याख्या केली आणि ती मोजण्यासाठी २६ विधानांची श्रेणी सिद्ध केली. इंग्लंडात पॉल गिल्बर्ट यांनी ह्याच सुमारास करुणाकेंद्री उपचारपद्धती विकसित केली. ह्या पद्धतीच्या वैद्यकीय फलिताचा निवाडा करणे हा भाषाभ्यासकाचा अधिकार नव्हे. परंतु हा उपचार मुख्यतः बोलण्यातून घडतो, आणि त्याच्या पारिभाषिक संज्ञा मराठीत आणताना जे घडते त्याची चिकित्सा मात्र भाषाशास्त्राच्या कक्षेत निश्चितच येते. प्रस्तुत लेखाचा हेतू तेवढाच आहे.

गिल्बर्ट यांच्या विचाराचा उगमच मुळी एका भाषिक निरीक्षणात आहे. खिन्नतेने पीडलेले काही रुग्ण आपल्या आत्मनिंदेला तर्कशुद्ध उत्तर देऊ शकत. परंतु ते उत्तर मोठ्याने उच्चारावयास सांगितले असता त्यातील स्वर तुसडा आणि तिरस्काराचा असे. शब्द योग्य, स्वर मात्र शत्रूचा. केवळ विचारातील आशय बदलून भागत नाही, तो कोणत्या स्वरात बोलला जातो हेही बदलावे लागते, असा निष्कर्ष त्यांनी काढला. २००६ मध्ये त्यांनी व प्रॉक्टर यांनी अवघ्या सहा रुग्णांवर केलेला अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यांची लज्जा, आत्मनिंदा व खिन्नता कमी झाल्याचे आढळले. तुलनेसाठी दुसरा गट नसलेल्या अभ्यासावरून फार मोठे अनुमान काढता येत नाही. पण त्यामागील निरीक्षणाचे मोल त्याने उणे होत नाही.

आता मराठीकडे वळू. ‘लाज’ ह्या शब्दाचा व्याप इंग्रजी संज्ञेहून मोठा आहे. संकोच, विनय, अब्रू आणि अपमानाची वेदना ही सर्व त्यात नांदतात. लाज ‘वाटते’, ‘जाते’, ‘राखली’ जाते आणि ‘सोडली’ही जाते, परंतु लाज सोडणारा मनुष्य मुक्त ठरत नाही, तो निर्लज्ज वा कोडगा ठरतो. तेव्हा उपचारकाने सद्हेतूने ‘लाज सोडा’ असे म्हटल्यास रुग्णाच्या कानी काही भलतेच पडेल. उलटपक्षी, ‘जनाची नाही, तर मनाची तरी’ हा आपला नित्याचा वाक्प्रयोग गिल्बर्ट यांनी केलेला बाह्य लज्जा व आंतरिक लज्जा हा भेद सहजगत्या व्यक्त करतो. मात्र त्यात मनाची लाज ही सद्गुण म्हणून गौरविली आहे. गिल्बर्ट यांच्या दृष्टीने रुग्णास जाळणारी लाज हीच. हेलन ब्लॉक लुईस यांनी १९७१ मध्ये दाखविलेला भेद येथे उपयोगी पडतो : अपराधभाव कृत्याविषयी असतो, लज्जा समग्र ‘स्व’विषयी. ‘माझे चुकले’ आणि ‘मीच वाईट’ ह्या दोन वाक्यांतील अंतर तेच आहे. पहिल्या वाक्यात दुरुस्तीला जागा आहे. दुसऱ्यात ‘जमिनीने पोटात घ्यावे’ एवढीच इच्छा उरते.

‘आत्मकरुणा’ ही संज्ञा तर अधिकच अडचणीची आहे. मराठीत करुणा ‘भाकली’ जाते. समर्थ रामदासांच्या ‘करुणाष्टकां’मुळे दृढ झालेला हा अर्थ लहानाने थोरापुढे केलेल्या याचनेचा आहे. ‘दया’ वरून खाली येते, आणि ‘कीव’ येते तेव्हा तीत तुच्छता मिसळलेली असते. ‘मला माझीच कीव येते’ हे वाक्य आत्मधिक्काराचेच एक रूप होय. नेफ यांनी ह्या कल्पनेची तीन अंगे सांगितली आहेत : स्वतःशी ममतेने वागणे, आपले दुःख सर्व माणसांच्या दुःखाचा भाग आहे हे जाणणे, आणि वेदनेत बुडून न जाता तिच्याकडे सजगपणे पाहणे. ह्यांपैकी दुसरे अंगच आत्मकरुणेला कीवेपासून वेगळे करते, आणि नेमके तेच आपल्या संज्ञेत लोपते.

ह्यावर उपाय नव्या संस्कृत शब्दात नसून बोलीत आहे, असे आम्हांस वाटते. ‘होतं असं’, ‘असू दे’ ह्या घरगुती सांत्वनोक्तींत ते दुसरे अंग अनायासे आले आहे. आत्मनिंदा मराठीत बहुधा ‘तू’ ह्या सर्वनामाने बोलते : ‘तुझ्याच्याने काही व्हायचे नाही.’ पण आई, मित्र आणि देव ह्यांच्याशी आपण जे बोलतो तेही ‘तू’नेच. अवमान आणि जिव्हाळा ह्यांना एकच सर्वनाम पुरते. भेद स्वराचा असतो. मनाला संबोधण्याची परंपराही ‘मनाच्या श्लोकां’पासून आपणांस परिचित आहे. तेव्हा मराठी रुग्णास नवी भाषा शिकवावयाची नाही; जे ‘तू’ तो मुलाशी वा मित्राशी वापरतो, तेच स्वतःकडे वळवावयास सांगावयाचे आहे.

नेफ यांच्या श्रेणीविषयी एक आक्षेप नोंदविणे अवश्य आहे. तिच्यातील अर्धी विधाने आत्मनिंदा, एकाकीपणा व वेदनेशी तादात्म्य ह्यांविषयी आहेत. ती उलट गुणांकित करून बेरजेत धरली जातात. म्युरिस प्रभृतींनी दाखविल्याप्रमाणे ही विधाने मानसिक विकारांच्या लक्षणांशी आधीच निगडित असल्याने एकूण बेरीज करुणेचे श्रेय फुगवून दाखविते. नेफ यांस हे मान्य नाही. पण निंदेचा अभाव म्हणजे ममता नव्हे, हे कोणाही शब्दार्थाभ्यासकास पटावे.

शेवटचा प्रश्न सर्वांत गंभीर आहे. सर्वच लाज आतून उपजत नाही. काही लाज समाज लादतो. दया पवार यांच्या ‘बलुतं’ (१९७८) मध्ये दगडू पवार आपली कहाणी दया पवारांनाच सांगतो. एक ‘मी’ दुसऱ्या ‘मी’चे ऐकून घेतो. जातीने दिलेला अपमान तेथे स्वतःला गोंजारून मिटविलेला नाही. तो उच्चारलेला आहे. गिल्बर्ट यांच्या व्याख्येत दुःख ओळखण्याबरोबरच ते दूर करण्याची व टाळण्याची बांधिलकीही अंतर्भूत आहे. हा उत्तरार्ध गळाला, तर पीडितालाच ‘स्वतःशी प्रेमाने वाग’ असे सांगून पीडा देणाऱ्यास मोकळे सोडल्यासारखे होईल.

सारांश, ही पद्धती मराठीत यावी. परंतु ती भाषांतरित संज्ञांच्या बळावर येणार नाही. रुग्ण कोणत्या शब्दांत, कोणत्या सर्वनामाने व कोणत्या स्वरात स्वतःशी बोलतो ह्याच्या नोंदी प्रथम व्हावयास हव्यात. रुग्णाची संमती घेऊन व गोपनीयता राखून हे काम मानसशास्त्र आणि भाषाशास्त्र ह्या दोन विभागांनी एकत्र बसूनच करावयाचे आहे.