गाणाऱ्या नटीचे गाणे

मराठी संगीत रंगभूमीने प्रेक्षकाला एक सवय लावली होती. पद सुरू झाले की नाटक क्षणभर थांबावे, पात्राच्या जागी गायक उभा राहावा आणि ‘वन्समोअर’ ओसरल्यावर पात्र पुन्हा अवतरावे, यात कोणाला विसंगती वाटत नसे. बोलपटाबरोबर ही सवयही पडद्यावर आली. गळा आणि अभिनय ही दोन्ही देणी एकाच व्यक्तीच्या ठिकाणी असणे ही प्रारंभीच्या बोलपटाची व्यावहारिक गरज होती. ती दोन्ही एकाच कलाव्यापारात विलीन होणे ही मात्र निराळी गोष्ट. शांता आपटे (१९१६–१९६४) यांच्या कारकीर्दीचे मूल्यमापन या भेदापासून सुरू व्हावयास हवे.

ते तसे होत नाही. त्यांच्याविषयी जे लिहिले जाते त्यात १९३९ साली ‘प्रभात’च्या दाराशी त्यांनी केलेले उपोषण अग्रस्थानी असते आणि ‘कुंकू’तील नीरा ही जणू त्याच बंडखोर स्वभावाची पडछाया मानली जाते. कालक्रमच या उपपत्तीच्या विरुद्ध आहे. ‘कुंकू’ १९३७ चा, उपोषण त्यानंतरचे. शिवाय, चरित्रातील तेज भूमिकेत उतरले असे म्हटले की कलावंताच्या श्रमाचा हिशेब मागण्याची गरजच उरत नाही. स्त्रीकलावंताच्या वाट्याला हा अन्याय विशेषच येतो: तिची कला हा तिचा स्वभाव ठरतो.

ना. ह. आपटे यांच्या ‘न पटणारी गोष्ट’ या कादंबरीवर आधारलेल्या ‘कुंकू’त व्ही. शांतारामांनी पार्श्वसंगीत वर्ज्य केले. या निर्णयाने गाण्याची जबाबदारी वाढली. भोवती वाद्यमेळाचे सतत अस्तर असले की गाणे त्यातून अलगद वर येते व अलगद खाली बसते. येथे ते घरातल्या शांततेतून उमटावे लागते. वृद्ध वकिलाशी फसवून लग्न लावून दिलेली नीरा गाते तेव्हा कथानक थांबत नाही. जे तिला संवादातून कोणी बोलू देत नाही, ते ती गाऊन बोलते. केशवराव भोळे यांच्या चाली शब्दाला दडपीत नाहीत. आणि शांताबाई तान दाखविण्यासाठी पात्राबाहेर पाऊल टाकीत नाहीत. त्यांचे डोळे, मान आणि हात गातानाही नीरेचेच राहतात.

याच चित्रपटात त्या लाँगफेलोची ‘अ साम ऑफ लाइफ’ ही १८३८ सालची कविता इंग्रजीतच गातात. भाषांतर हा ज्याचा व्यवसाय आहे त्याला हा प्रसंग चिंतनीय वाटावा. ही कविता पाठ्यपुस्तकांनी झिजविलेली, उपदेशपर. तिच्या उपशीर्षकाप्रमाणे ते एका तरुण पुरुषाच्या अंतःकरणाचे उद्गार. तीच एका मराठी घरात कोंडलेल्या स्त्रीच्या मुखी आली की एकही शब्द न पालटता तिचा अर्थ पालटतो. ज्या कर्मशीलतेचा उपदेश कवी करतो तिच्याकडे जाणारा दरवाजाच या स्त्रीला बंद आहे. भाषांतराविना घडलेले हे अर्थांतर आहे, आणि ते घडविणारे साधन म्हणजे गाणाऱ्या नटीचा देह व कंठ.

तथापि या यशाला मर्यादा होत्या, हेही सांगितले पाहिजे. दिग्दर्शक, संगीतकार आणि नटी यांचा असा मेळ क्वचितच जुळतो. ‘अमृतमंथन’ (१९३४), ‘अमर ज्योति’ (१९३६) आणि ‘गोपालकृष्ण’ (१९३८) यांनी त्यांना कीर्ती दिली. ‘प्रभात’ सोडल्यावर त्यांनी १९४१ च्या तमिळ ‘सावित्री’त नायिकेचे काम केले, ज्यात एम. एस. सुब्बुलक्ष्मी नारदाच्या भूमिकेत होत्या. हा पल्ला मोठा खरा. परंतु नीरेसारखी, गाणे हाच जिचा विचार आहे अशी भूमिका त्यांना पुन्हा लाभली नाही.

१९४० साली त्यांनी ‘जाऊ मी सिनेमांत?’ हे पुस्तक लिहिले. शीर्षकातील प्रश्न भाबड्या मुलीचा असला तरी उत्तर देणारी लेखिका भाबडी नाही. चित्रपटसृष्टी हा एक व्यवसाय आहे आणि त्यात नटनटींचे श्रम खर्ची पडतात, ही जाणीव त्या लेखनामागे आहे. आपल्या आत्मचरित्रपर आणि कलाविषयक गद्याच्या इतिहासात या पुस्तकाला स्थान मिळावयास हवे. उपोषणाची आख्यायिका सांगणाऱ्यांनी ते वाचले असते, तर त्या कृतीमागे क्षणिक संताप नसून विचार होता हे त्यांच्या ध्यानी आले असते.

१९४६ च्या ‘सुभद्रा’त शांताबाईंच्या सोबतीला तरुण लता मंगेशकर गायल्या. पुढे पार्श्वगायनाने कंठ आणि देह यांची फारकत पूर्ण केली. त्या फारकतीतून भारतीय चित्रपटगीताला जे सौंदर्य लाभले ते नाकारण्याचे कारण नाही. पण आता गाणे सुरू झाले की पडद्यावर दिसते ती एक आणि ऐकू येते ती दुसरी. रंगभूमीवर पात्र बाजूला सरून गायक पुढे येत असे; येथे ओठ पात्राचे राहिले, स्वर परका झाला. या दोन टोकांमधल्या थोड्या वर्षांत गाणारी आणि सोसणारी स्त्री एकच होती. शांता आपटे यांचे महत्त्व त्या एकपणात आहे. त्यांच्या बंडाच्या गोष्टी त्यानंतर सांगाव्यात.