‘सारखा’ हा शब्द गाळू नये

आठवीच्या वर्गात अलंकार शिकवताना मी मुलांना एक साधी खूण सांगतो. ‘मुख चंद्रासारखे आहे’ म्हटले की उपमा. ‘मुख हाच चंद्र’ म्हटले की रूपक. मधला ‘सारखे’ गळला की विधानच बदलते. कवीला तो गाळण्याचा अधिकार आहे. वार्ताहराला आहे काय?

हा प्रश्न मला पडला तो एका कात्रणामुळे. माझ्या एका विद्यार्थ्याचा धाकटा भाऊ जन्मतःच लहान डोक्याचा. त्याची आई ते कात्रण घेऊन घरी आली. प्रयोगशाळेत मानवी मेंदू तयार झाला, असा मथळा होता. “गुरुजी, मग माझ्या बाळाला तो बसवतील का हो?” तिने विचारले.

मी मॅट्रिकपर्यंत शिकलेला, कादंबऱ्या लिहिणारा मनुष्य. शास्त्र माझे नव्हे; पण शब्द माझे आहेत. म्हणून मी त्या शब्दाच्या मागे लागलो.

२०१३ साली व्हिएन्नाच्या मॅडेलिन लँकेस्टर, युर्गेन क्नोब्लिख आणि सहकाऱ्यांनी ‘नेचर’मध्ये एक निबंध प्रसिद्ध केला. मूळपेशी जेलीसारख्या द्रव्याच्या थेंबात ठेवून पोषक द्रवात ढवळत वाढविल्या, तर गर्भाच्या मेंदूतल्याप्रमाणे त्या आपण होऊन थर रचू लागतात. गोळा सुमारे चार मिलिमीटरपर्यंत वाढतो. रक्तवाहिन्या नसल्यामुळे त्याच्या गाभ्यापर्यंत प्राणवायू पोचत नाही. याच निबंधात लहान डोक्याच्या एका रुग्णाच्या त्वचेतील पेशींना मूळपेशींच्या अवस्थेत नेऊन त्यांचेही गोळे वाढविले होते. ते लहानच राहिले. ज्या पेशींनी आधी आपली संख्या वाढवायची, त्या वेळेपूर्वीच मज्जापेशी होऊन बसल्या. व्यापार सुरू होण्याआधीच भांडवल संपले! उंदरांत हा विकार नीट उमटत नव्हता, म्हणून मानवी पेशींचा हा खटाटोप.

या गोळ्याचे शास्त्रीय नाव ‘ऑर्गनॉइड’. त्यातल्या ‘ऑइड’चा अर्थच ‘सारखा’. म्हणजे शास्त्राने उपमा दिली होती. ‘मिनी-ब्रेन’ या लाडक्या नावाने तिचे रूपक केले. मराठीत तर दुहेरी घोटाळा. ‘लहान मेंदू’ म्हणावे, तर पाठ्यपुस्तकात तो शरीराचा तोल सांभाळणारा, डोक्याच्या मागचा भाग! २०२२ साली या क्षेत्रातील संशोधकांनीच ‘नेचर’मध्ये एकत्र येऊन असली नावे टाळावीत असे सुचविले, ते योग्यच झाले.

कोणी म्हणेल, रूपकाशिवाय लोक वाचणार कसे? वाचतील. मात्र उपमा देणाऱ्याने साधारण धर्म सांगितला पाहिजे. येथे तो पेशींच्या जन्माचा क्रम आणि थरांची रचना हा आहे. विचार नव्हे, स्मृती नव्हे. तथापि ‘नुसता गोळा’ म्हणून झटकणेही खोटेच. २०२२ साली स्टॅनफर्ड येथील संशोधकांनी असे मानवी गोळे उंदरांच्या पिल्लांच्या मेंदूत रुजविले. उंदराच्या मिशा हलविल्यावर त्यातील काही मानवी पेशी उत्तर देऊ लागल्या. ‘सारखा’मधले अंतर असे बदलत असते. तो शब्द गाळला, तर ते अंतर मोजायचे तरी कशाने?

त्या बाईंना मी शेवटी एवढेच सांगितले, “मेंदू कोणी केलेला नाही. मेंदू लहान का राहतो, ते एका रुग्णाच्या पेशींवरून पाहिले आहे. त्याचा दोष जनुकात होता.”

ती थोडा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, “म्हणजे माझ्या हातून काही चुकले नसेल?”

त्याचे उत्तर माझ्याजवळ नव्हते. ते डॉक्टरांनी तपासून द्यायचे. पण त्या मथळ्याने तिला हा प्रश्न सुचूसुद्धा दिला नव्हता.