मास्टर दीनानाथांची गायकी : स्वैर कीं स्वतंत्र ?

स्वैरता आणि स्वातंत्र्य यांतील भेद ओळखणें हें रसिकतेचें खरें गमक होय. मास्टर दीनानाथ मंगेशकर (१९००–१९४२) यांच्या गायनावरील आक्षेप या भेदाकडे दुर्लक्ष झाल्यामुळेंच उद्भवतात, असें आम्हांस वाटतें.

आक्षेप असा कीं, दीनानाथ मध्येंच राग सोडतात, अनपेक्षित स्वर लावतात, आणि त्यांची तान कोठें जाईल याचा नेम नसतो. हें खरें आहे. बालगंधर्वांचें पद ऐकतांना पुढची जागा श्रोत्याच्या मनांत आधींच उमटते, व ती तशीच आल्याचा आनंद होतो. दीनानाथ ती अपेक्षाच मोडतात. परंतु स्वर चुकला असें वाटतें न वाटतें तोंच त्याच्या आधारानें दुसरा राग क्षणभर डोकावतो, आणि तान नेमकी समेवर उतरते. अज्ञानी गवयास रागाबाहेर जातां येतें. परत येतां येत नाहीं. दीनानाथांच्या पाठीशीं रामकृष्णबुवा वझे यांची तालीम होती, हें विसरूं नये.

अमेरिकेंत १९६० च्या सुमारास ऑर्नेट कोलमन या सॅक्सोफोनवादकानें जॅझ संगीतांतील ठराविक स्वरसंगतींची चौकट सोडली, तेव्हां त्याच्या वादनज्ञानाविषयींहि अशीच शंका घेतली गेली होती.

रत्नागिरीकरांस तर या गायकीचें विशेष अगत्य असावें. सावरकर येथें स्थानबद्ध असतांना त्यांनीं लिहिलेलें ‘संन्यस्त खड्ग’ १९३१ सालीं दीनानाथांच्या बलवंत मंडळीनें रंगभूमीवर आणिलें. चाली वझेबुवांच्या होत्या. शस्त्र टाकावें कीं उचलावें, या प्रक्षुब्ध वादास ती धारदार तान शोभून दिसली.

त्यांच्या गायनांत दोष नव्हते असें नाहीं. चमत्कृतीच्या ओढीनें कधीं कधीं पदाचा भाव मागें पडतो. अनुकरण करणारांच्या हातीं बहुधा हा दोषच लागला. वसंतराव देशपांडे मात्र निराळे. त्यांनीं दीनानाथांची तान उसनी घेतली नाहीं, तें धाडस घेतलें. १९६७ च्या ‘कट्यार काळजांत घुसली’ मधील त्यांचे खाँसाहेब याची साक्ष देतात. हृदयनाथांच्या चालींतील अवघड वळणांतहि पित्याचा तोच वारसा आम्हांस दिसतो.

आमच्या संगीतवर्गांतून राग पाळावयास शिकवितात, हें योग्यच आहे. पण नियम पूर्ण आत्मसात केल्यावर तो ओलांडण्याची मुभा शिष्यास कोणी देणार आहे कीं नाहीं ? ती न मिळाली, तर गवई शुद्ध निपजतील, दीनानाथ निपजणार नाहींत.